नवी मुंबईचे सार्वकालिक बारा

मालकांनी मला खोली दिली ती माझी बसण्याची पद्धत बघून. तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय! पण खरंच.

मला तेव्हा कंपनीत कबड्डीवर नोकरी लागली होती. आजच्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ज्या कंपन्या होत्या, त्यांच्या आपापल्या टीम असायच्या आणि टीमसाठी ते गावोगावची पोरं उचलून आणायचे. मला परभणीकडून उचललं. कागदावर मी हेल्पर. तीन वाजले की हेल्परकी संपली, चड्डी घालून मैदानात. पगार खेळायचाच. म्हणजे आम्ही धंदेवाईक खेळाडू होतो, फक्त तसं आम्हाला कुणी म्हणत नव्हतं. घरचे तर "पोरगा कंपनीत आहे" एवढंच सांगायचे, खेळतो म्हणायची लाज.

तर मी पत्र्याची ट्रंक घेऊन खाडीकाठच्या एका गावात खोली शोधत फिरत होतो. एका ओट्यावर लुंगी-बनियनमधला पन्नाशीचा काळा, रुंद माणूस येरझाऱ्या घालत होता. मी म्हणालो, "खोली मिळेल का?"

"काय करतंस?"

"कंपनीत आहे."

"काय खेलतंस?" त्यांनी माझ्या पोटऱ्यांकडे बघून विचारलं.

"कबड्डी."

"आऊट झाल्यावर कसा बसतंस?"

मला वाटलं माणूस पिऊन आहे. पण संध्याकाळ होत आली होती आणि ट्रंक जड होती. मी म्हणालो, "कसा म्हणजे? सगळे बसतात तसा."

"सगले येगले येगले बसतात. बसून दाखव."

मी ओट्यावर मांडी घातली. मालक माझ्याभोवती दोन चकरा मारून आले, मागून पाठ बघितली, वाकून गुडघे बघितले. आतून त्यांच्या बायकोनं, म्हणजे पुढं आम्ही जिला काकी म्हणायला लागलो तिनं, दारात येऊन ओरडून विचारलं, "बैल घेतंय काय?"

"पाठ सरल हाय," मालक तिला म्हणाले. "दुसरी खोली उघड."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर पडलो तेव्हा भिंत दिसली. चाळीची बस स्टॉपकडची बाजू चुन्यानं पांढरी केलेली, आणि तिच्यावर होडी रंगवून उरलेल्या हिरव्या ऑइलपेंटनं, हाताएवढ्या अक्षरात लिहिलेलं: नवी मुंबईचे सार्वकालिक बारा. खाली रकाने. नंबर, नाव, खेळ, कंपनी, शेरा. एक ते अकरा भरलेले. बारा नंबर कोरा.

आता तेव्हाची नवी मुंबई म्हणजे काय, तर वाशीच्या थोड्या बिल्डिंगी, बस डेपो, इकडं तिकडं खणून ठेवलेले रस्ते आणि "इथे बगीचा होणार" असे बोर्ड. कांदा-बटाट्याचा बाजार येणार येणार म्हणत होते, तोही आला नव्हता. शहराला रांगतासुद्धा येत नव्हतं आणि हा माणूस त्याचे सार्वकालिक खेळाडू लावून बसला होता. बसला होता म्हणजे, उभा होता.

मी हसलो. मालकांनी माझ्याकडं दयेनं बघितलं.

"मुंबैची यादी करायला घेतली तर शंभर वर्सं उशीर झाला," ते म्हणाले. "कोन कोन खेलून मेला, कुनाला म्हायती? हितं आमी टायमावर हाव."

मी विचारलं, मग यादीत यायचं कसं?

यादीत यायचे नियम तीन. पहिला, खेळ टीमचा पाहिजे. पैलवान, सायकलवाले, पोहणारे बाद. दुसरा, खेळाडू खाडीच्या अलीकडचा पाहिजे. तिसरा, कंपनीनं त्याला खेळण्यासाठी हजेरीवर घेतलेलं पाहिजे. गावासाठी खेळला, मंडळासाठी खेळला, हौसेनं खेळला, ते चालणार नाही. "हौसेनं तर बकरी बी उड्या मारते," म्हणायचे.

आणि या सगळ्यांना तोलायचं कशात? कबड्डीवाला, व्हॉलीबॉलवाला, क्रिकेटवाला, फुटबॉलवाला एका ओळीत लावायचे कसे? इथं मालकांचं डोकं. त्यांचं म्हणणं, खेळताना सगळेच वाघ. माणूस कळतो तो आऊट झाल्यावर, बाहेर बसलेला असताना. तोंड पाडतो का, शिव्या देतो का, आतल्याला ओरडून सांगतो का, की गपचूप बूट काढून खडे मोजतो. कबड्डीत तर आऊट झालेले ओळीनं बाहेर बसतात. जो आधी मेला तो पहिला. आपल्या टीमनं गडी मारला की ओळीतला पहिला जिवंत होऊन आत जातो, मग दुसरा. मालक मॅचला जायचे आणि मैदानाकडं पाठ करून या ओळीकडं तोंड करून उभे राहायचे. निम्मी मॅच त्यांनी बघितलेलीच नसायची. कोण जिंकलं ते आम्हाला विचारायचे.

यादी बदलायची वर्षातून एकदाच, शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी ठाणे-बेलापूरचा अख्खा कंपन्यांचा बेल्ट तिथं हजर. हसू नका, यादीचा दबदबा होता. आम्ही एकमेकांना नंबरानं हाक मारायचो. "सातवा आला का रे? तिसऱ्याला ताप आहे म्हणे."

एक नंबर एका रंगाच्या कंपनीचा चढाईबहाद्दर होता. शेरा: मेला तरी राजा. आणि होताच तसा. पकडला गेला की ज्यानं पकडलं त्याच्या पाठीवर थाप मारायचा, गुडघ्याची माती झटकायचा आणि देवळात बसल्यासारखा जाऊन बसायचा. चार नंबर रस्सीखेचीतला शेवटचा गडी, जासईचा. त्यावरून गावात जोरदार भांडण झालं, की जासई तर उरणकडं, ती शहरात कशी? मालक म्हणाले, "आज नाय येत, उंद्या येल. तवर खेलाडू काय म्हातारा होवाचा?" पाचवा विकेटकीपर. त्याचा शेरा मला फार आवडायचा: शून्यावर बाद. पुढच्याला पाणी दिले. एक फुटबॉलचा गोलकीपर तिसरा होता. त्यानं बाहेर काढल्यावर पाण्याच्या बादलीला लाथ घातली, तर पुढच्या शिमग्याला थेट यादीबाहेर. बिचारा पेढे घेऊन आला होता. मालकांनी पेढे घेतले, नाव नाही घेतलं.

आठवा केरळचा व्हॉलीबॉलवाला, ताडासारखा उंच. तो एकदा तावातावानं भांडायला आला, हिंदीत. "मेरे को आठ नंबर कायको? मैं सबसे ऊंचा मारता है."

"तू बैठ के पाय हिलाता है," मालक म्हणाले.

"पाय से क्या होता?"

"पाय हिलता तो मन भी हिलता."

त्यानं एक अख्खा सीझन पाय आवरला. पुढच्या वर्षी सहावा. त्या दिवशी त्यानं चाळीत सगळ्यांना नारळाची बर्फी वाटली.

आणि मी? दुसऱ्याच वर्षी मी नववा. आनंदानं उडालोच, मग शेरा वाचला: खेळ बेताचा. बैठक उत्तम. गावाकडं चुलत्याला पत्रात नंबर कळवला, शेरा नाही कळवला. पण खोटं कशाला बोलू, ते खरंच होतं. मी फार लवकर आऊट व्हायचो. मॅचमधला बराचसा वेळ मी बाहेरच काढला आहे, आणि इतका वेळ एखादी गोष्ट केली की ती जमतेच.

मालकांच्या बाकी खोडी सांगायच्या तर रात्र पुरणार नाही. ते चहा बशीत ओतून उभ्यानं प्यायचे. जेवायचे उभ्यानं, ताट कट्ट्यावर ठेवून. हजामत उभ्यानं; न्हावी स्टुलावर चढून त्यांचे केस कापायचा. लग्नात पंगतीला बसवलं तर वाढायला उठायचे. सगळी जमीन शहरासाठी गेली, मिठागर गेलं, पण अंगातली सवय गेली नव्हती. पाणी अडवायची फाळकी उघड, बंद कर, बांधावरून दिवसभर चाल. आता बांध नव्हता, तर ओट्यावर चालायचे. आम्हा भाडेकरूंना यात काही विशेष वाटायचं नाही. काकीला वाटायचं.

"सोताचं ढुंगान टेकत नाय," ती भांडी घासता घासता म्हणायची, "आन दुनियेची बैठक मोजतंय!"

मालक ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जायचे.

राहिला बारा नंबर. तो का कोरा, हे कुणी विचारलं की म्हणायचे, "येल त्याचा मानूस." चार शिमगे गेले, पाच गेले, माणूस काही येईना. चांगले चांगले बसणारे आले आणि गेले. मग एका संध्याकाळी मी पाळीवरून परत येत होतो तर मालक भिंतीसमोर उभे. हातात ब्रश, ब्रशला हिरवा रंग, आणि ब्रश बारा नंबरच्या रकान्यापासून वीतभर लांब. किती वेळ उभे होते देव जाणे. रंगाचे थेंब पायावर पडले होते. मला बघून त्यांनी ब्रश डब्यात बुडवला आणि म्हणाले, "डास लय झाले."

मी काकीला सांगितलं. ती भांड्यांवरचा हात थांबवून म्हणाली, "आरं बाला, त्याचंच नाव हाय थितं. त्याच्यावानी घोटा धरनारा खाडीच्या दोन्ही अंगाला न्हवता. पन गावाला खेल्ला ना. जिकल्यावर नारल मिलायचा. नारल म्हंजे पगार नाय, असा त्योच बोलतंय. सोताच नियम केला, आन सोताच अडकून पडला."

मला आधी हसू आलं. हा माणूस भिंतीचा मालक, रंगाचा मालक, यादीचा मालक. एक रेघ ओढली असती तर कोण विचारणार होतं? पण नाही. नियम म्हणजे नियम.

तेव्हाच मी ठरवलं, की मालकांना एक दिवस तरी धंदेवाईक करायचंच.

संधी आली ती गालगुंडानं. शिमग्याच्या आदल्या आठवड्यात कंपन्यांची स्पर्धा होती आणि आमच्या टीममध्ये गालगुंडाची साथ आली. चौघांचे गाल फुगले. बदली गडी धरूनही उरलो सहा. आमचा कप्तान डोक्याला हात लावून बसला, तर मी म्हणालो, "सातवा आहे माझ्याकडं." वय सांगितल्यावर त्यानं मला वेड्यात काढलं. घोटा कसा धरतात ते सांगितल्यावर तयार झाला. टाईमकीपर आपला दोस्त. त्यानं मालकांना एक दिवसासाठी हजेरीवर घेतलं. काम: कंपाउंडमधलं गवत काढणे व कबड्डी. हे "व कबड्डी" मी हट्टानं लिहून घेतलं, नाहीतर मालकांनी नियमावर बोट ठेवलं असतं.

मालकांना सांगितलं तेव्हा ते ओट्यावर चालत होते. आत गेले, पेटी उघडली आणि जुनी खाकी अर्धी चड्डी काढून काकीसमोर धरली. "हिचं बटन लाव," एवढंच म्हणाले. काकीनं बटण लावलं. काही टोमणा मारला नाही, त्यावरून समजा.

मॅचच्या दिवशी मालक सकाळी सातला गेटवर. स्वतःच्या नावाचं कार्ड त्यांनी मशीनमध्ये घातलं, टण्ण वाजलं. त्यांना ते इतकं आवडलं की काढून परत घातलं. टाईमकीपर ओरडला, "ओ काका, तुम्ही आलात आणि लगेच गेलात असं झालं ना!" मग परत आत यायला तिसऱ्यांदा घातलं. मॅच चारला होती. आम्ही म्हणालो, मालक, सावलीत बसा, दम राखा. कसचं काय! दुपारपर्यंत त्यांनी अख्ख्या कंपाउंडचं गवत काढलं, पाइपा रचल्या, आणि कँटीनमध्ये सगळ्यांना पाणी वाढलं.

समोर कोण, तर रंगाची कंपनी. एक नंबरची टीम. अख्खं गाव लोटलं होतं. काकी बायकांच्या घोळक्यात, पदर तोंडात धरून. यादीतले बाकीचे नंबरही हजर, सहावा तर केरळच्या दोन पाहुण्यांना घेऊन आला होता. सगळ्यांना माहीत होतं की आज काय व्हायचंय. मालक नीट खेळले, नीट बसले, की शिमग्याला बारा नंबर भरला.

पहिलीच चढाई मालकांनी मागून घेतली. कप्तान म्हणाला, "काका, तुम्ही पकडीला थांबा." ऐकतो कोण! "कबड्डी कबड्डी" करत गेले, एकाच्या गुडघ्याला शिवले आणि वळले, तेवढ्यात तिघांनी धरलं. मालक पडले, मध्यरेषेकडं हात ताणला. पंचानं शिट्टी मारली आणि मालक बाद म्हणून हात दाखवला.

"रेष शिवलो!" मालक पडल्या पडल्या ओरडले.

पंच शाळेतले मास्तर होते. "चार बोटं कमी पडली. बाहेर बसा."

सगळं मैदान मालकांकडं वळलं. आता बघा म्हटलं, बैठक. पाठ सरळ, माती झटकणार, पकडणाऱ्याला थाप...

मालक उठले आणि रेषेपाशी जाऊन बोटानं माती उकरून दाखवायला लागले. "ही बघ! ही निशानी! आंदला हाय काय रं?" मास्तरांनी बाहेर बोट दाखवलं. मालक बाहेर गेले, बसले नाहीत. मास्तर म्हणाले, बसा. बसले, मैदानाकडं पाठ करून, खाडीकडं तोंड करून. पाय असे हलत होते की शेजारची बादली डुचमळत होती. तोंडानं मास्तरांच्या शाळेचा उद्धार चालू.

दोन मिनिटांत मीही आऊट. नेहमीप्रमाणे. जाऊन त्यांच्या मागं बसलो.

तेवढ्यात आमच्या पोरांनी त्यांचा एक गडी पकडला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मास्तर म्हणाले, "पहिला गडी आत."

मालक हलले नाहीत.

"मालक, उठा," मी म्हणालो. "जिवंत झालात."

"मी मेलोच नाय," मालक खाडीकडं बघत म्हणाले, "तर जिता कसा होऊ?"

"अहो, आत चला! पॉइंट मिळालाय!"

"आत गेलो म्हंजे मेलो होतो ह्ये कबूल केल्यासारखं झालं. मी नाय जानार. त्याला बोल, आदी चूक मान."

मी मास्तरांना म्हणालो, मग मी जातो आत. मास्तर कसले कडक! "क्रमानं उठायचं. पहिला उठल्याशिवाय दुसरा नाही." आणि झालं. ओळीचं तोंडच बंद. तिसरा आऊट झाला, माझ्या मागं बसला. चौथा बसला. मधे आम्ही आणखी एक गडी मारला, तरी कुणाला उठता येईना. कप्तान आतून हात जोडत होता. मी मालकांच्या पाया पडलो, अक्षरशः. काकी तिकडून ओरडली, "आवो, उठा! सगली पोरं तुमच्यापाय मेली!" मालकांनी मान आणखी थोडी खाडीकडं फिरवली. पाचवा गडी आला, सहावा गडी आला, शेवटी कप्तान आला. सातच्या सात ओळीनं बसलो आणि आमच्यावर लोण चढला. बघणारे पोट धरून लोळत होते. मी रागानं लाल झालो होतो, पण खांदे माझेही हलत होते.

लोण चढला की नियमानं सगळेच परत आत. तेव्हा कुठं मालक उठले. "आता सगलेच चाल्ले, मंग मी बी येतो," म्हणाले.

आणि मग सांगतो काय झालं. एक नंबर चढाईला आला. लांब हात, हरणासारखा पाय. आमच्या तिघांना चकवून तो कोपऱ्यात वळला, आणि मालक जमिनीला चिकटले. कुणी हालचाल बघितलीच नाही. घोटा धरला होता, बस्स. एक नंबर ओढतोय, फरफटतोय, मालक त्याच्यामागं मातीत रेघ काढत चाललेत, पण पंजा सुटेना. दम गेला त्याचा. शिट्टी वाजली. असा घोटा मी त्याआधी बघितला नव्हता, नंतरही नाही. एक नंबर उठला, त्यानं मालकांच्या पाठीवर थाप मारली, माती झटकली आणि जाऊन बसला, राजासारखा. मालक त्याला बसलेलं बघत उभे राहिले. आपण काय केलं ते त्यांना त्या क्षणी कळलं असावं, कारण तोंडावरचा आनंद हळूहळू उतरला.

मॅच आम्ही हरलो. जिंकलो असतो, ते दोन गडी वेळेवर आत गेले असते तर.

परतताना सगळे मालकांना समजावत होते. सहावा म्हणाला, "काका, एक नंबर को पकडा, बारा तुम्हारा पक्का." एक नंबर स्वतः म्हणाला, "घाला नाव, माझी काही हरकत नाही." मालक झपझप पुढं चालत होते. गावाच्या वेशीशी आल्यावर थांबून मला म्हणाले, "तू बसला होतास माज्या मागं. बरा बसला होतास."

शिमगा झाला. दुसऱ्या दिवशी भिंतीसमोर ही गर्दी. मालकांनी चुना मारला, यादी लिहायला घेतली. एक नंबर तोच. नववा मी, शेरा तोच. अकरा झाले. ब्रश बारा नंबरवर आला. काकी दारात, पदर मुठीत. मालकांनी आकडा लिहिला, बारा. पुढं काही लिहिलं नाही. मग खाली सरकले आणि बारांच्या यादीत तेरावी ओळ लिहिली.

१३. स्वतः. कबड्डी. एक दिवस हजेरी. शेरा: खेळतो बरा. बसता येत नाही.

कुणी हसलं नाही. काकीनं तेवढं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "खरं लिव्हलंय मेल्यानं."

त्याच संध्याकाळपासून माझ्या मागं काम लागलं. मालकांना बसायला शिकवायचं! मी नववा, पण बैठक उत्तम, त्यामुळं कोच मी. ओट्यावर आम्ही दोघं मांडी घालून बसायचो. पाचव्या मिनिटाला त्यांना काहीतरी आठवायचं. मांजर हाकलायची आहे, पंप बघायचा आहे. वर्षभरात कशीबशी दहा मिनिटांवर मजल गेली.

पुढं माझं लग्न झालं आणि आम्ही नेरूळला राहायला गेलो. खेळ सुटला, हेल्परचा सुपरवायझर झालो. बाजारही एव्हाना आला होता, रस्त्यावरून ट्रक धावत होते. आणि एका शिमग्याला मालकांचा निरोप आला. चाळ पाडायची ठरली आहे, महिन्याभरात चार मजली बिल्डिंगचं काम सुरू. उद्या यादी शेवटची. सकाळी ये.

गेलो. मालक भिंतीशेजारी खुर्चीत बसले होते. बसले होते! केस पांढरे, धुतलेला सदरा, पाठ सरळ, हात गुडघ्यावर. मला बघून उठले नाहीत.

काकी कानात म्हणाली, "पाऊन तास झाला. चा बी बसूनशान पिला."

"बाला," मालक समोर बघत म्हणाले, "सोताचा नंबर सोता लावायचा नसतो. म्हनून तुला बोलावला. बघ आन सांग. भरू काय बारा?"

मी त्यांच्याभोवती दोन चकरा मारल्या. मागून पाठ बघितली. पहिल्या दिवशी त्यांनी माझी बघितली होती, तशीच. पाठ छान होती. मान छान होती. तोंडावर राग नाही, घाई नाही. मला इतका आनंद झाला की हो म्हणायला तोंड उघडलं, आणि खाली बघितलं. लुंगीच्या आत उजवा पाय हलत होता. अगदी थोडा. त्यांना स्वतःला पत्ताही नव्हता.

कुणाला दिसलं असतं? कुणालाच नाही. महिन्यात भिंत जाणार होती. एक शब्द बोललो असतो तर म्हाताऱ्याचं आयुष्यभराचं काम झालं असतं. काकी माझ्याकडं बघत होती. पण ज्या माणसानं दहा-बारा वर्षं स्वतःची भिंत असून स्वतःचं नाव लिहिलं नाही, त्याच्याशी खोटं बोलायला माझी जीभ रेटेना. फार वाईट वाटलं मला. आजही वाटतं.

"मालक," मी म्हणालो, "पाय हलतोय."

मालकांनी खाली बघितलं. बराच वेळ बघत राहिले, जणू तो पाय शेजाऱ्याचा आहे.

"हालतंय," ते म्हणाले. मग मोठ्यानं हसले आणि गुडघ्यावर हात मारून उभे राहिले. उभं राहिल्यावर त्यांना किती बरं वाटलं ते तोंडावर दिसलं. "शाबास. पन तू नववाच ऱ्हाशील हां. खरं बोल्ला म्हनून नंबर वाडवला, तर यादीला काय अर्थ?"

त्यांनी रंगाचा डबा उघडला. महिन्याभरात पडणाऱ्या त्या भिंतीला त्यांनी आधी नीट चुना मारला, तो वाळू दिला, मग एक ते अकरा लिहिले, बारा कोरा ठेवला, आणि तेरा नंबरसमोर शेरा बदलला: सराव चालू.